ब्राउझर निवडताना काट्याची पारख लावा



उसाच्या बिलाचे पैसे आता रोख हातात पडत नाहीत, बँकेत जमा होतात. सात-बारा मोबाइलवर निघतो, पोराच्या कॉलेजची फीसुद्धा तिथूनच भरली जाते. यातली बरीच कामे ज्या खिडकीतून होतात, तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्याचीच नावे. मोबाइल घेतला की ही खिडकी आयतीच बसवलेली येते. त्यामुळे ती निवडायची असते, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. आमचे म्हणणे असे की ती निवडावी, आणि निवडताना वजनकाट्याला लावतो तीच पारख लावावी.

काट्याला रंग कोणता दिला, हे आपण कधी विचारतो का? काटा कुणाचा, तपासणी कधी झाली, शिक्का चालू सालचा आहे का, हे विचारतो. ब्राउझरचेही तसेच. त्याचे दिसणे, वर फिरणारी बातम्यांची पट्टी, हे सगळे रंगरंगोटीत जमा. खरे प्रश्न दोनच: त्याची दुरुस्ती किती तातडीने होते, आणि तो चालवणाऱ्याची कमाई कशातून होते?

पहिला प्रश्न दुरुस्तीचा. ब्राउझर हा लाखो ओळींचा प्रोग्रॅम असतो. त्यात चुका राहणारच. २०२३ सालचे उदाहरण घ्या. वेबपी नावाच्या प्रकारची चित्रे उघडणाऱ्या भागात एक चूक सापडली. मुद्दाम बनवलेले चित्र पानावर नुसते उघडले, तरी चोराला शिरकाव मिळू शकत होता, आणि तिचा गैरवापर सुरूही झाला होता. ॲपल कंपनी व टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबरला ती चूक कळवली. क्रोमची दुरुस्ती ११ तारखेला आली, फायरफॉक्सची १२ तारखेला. सहा दिवसांत काम झाले. पण ज्याने अपडेट घेतलाच नाही, त्याला या तत्परतेचा काय उपयोग? कालव्याचे भगदाड बुजले, आपली चारी फुटकीच राहिली, अशातली गत.

क्रोमने २०२३ पासून दर आठवड्याला सुरक्षेची दुरुस्ती देण्याचा क्रम ठेवला आहे. फायरफॉक्सचीही ठरल्या मुदतीने नवी आवृत्ती निघते. हाच तो चालू सालचा शिक्का. उलट, इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी कंपनीनेच मोडीत काढला. जुन्या संगणकावर त्याचे निळे चिन्ह अजून दिसते. त्यावर बँकेचे काम करू नये. फोनचेही वय बघावे लागते. २०२५ मध्ये क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ वरच्या फोनना नवी आवृत्ती देणे थांबवले. असा फोन बोलायला ठेवा, पैशाच्या व्यवहाराला नको.

दुसरा प्रश्न कमाईचा. ब्राउझर फुकट मिळतो, पण फुकटचा काटा कुणी उगीच मांडत नाही. क्रोम गुगलचा, आणि गुगलची मोठी कमाई जाहिरातीची. आपण काय शोधतो, काय बघतो, याची टिपणवही तिच्या कामाची असते. फायरफॉक्समागे मोझिला ही २००३ साली स्थापन झालेली, नफ्यासाठी न चालणारी संस्था आहे. तथापि तिच्याही उत्पन्नाचा मोठा वाटा, गुगलला शोधासाठी पहिली जागा देण्यातून येतो, हेही सांगितले पाहिजे. चोरापासून राखण वेगळी आणि मालकाने आपली टिपणवही ठेवणे वेगळे. राखणीत दोघेही चांगले. टिपणवही नको असेल, त्याने फायरफॉक्सकडे वळावे. आयफोनवाल्यांनी सफारी वापरायला हरकत नाही.

यूसी ब्राउझर आठवतो ना? हलका, डेटा कमी खाणारा, म्हणून आपल्याकडे तो घरोघरी होता. २०१५ साली सिटिझन लॅबने तो तपासला, तेव्हा वापरणाऱ्याने शोधलेले शब्द उघडे पाठवले जातात, असे आढळले. म्हणजे वाटेतल्या कुणालाही ते वाचता येतील. पुढे जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये त्याचेही नाव होते. गावात सगळे वापरतात, हा काही सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

काही सभासद म्हणतील, "आमच्या मोबाइलात चोरायला आहे तरी काय?" बिल जमा होते त्या दिवशी भरपूर असते, बंधूंनो. बारा-पंधरा महिन्यांची मेहनत, सोसायटीचे कर्ज, लेकीचे लग्न, सगळे त्या एका खात्यात असते. नोकरदाराचा पगार पुढच्या महिन्याला पुन्हा येतो. आपला ऊस पुढच्या महिन्याला पुन्हा उभा राहत नाही.

मात्र चांगला ब्राउझर घेतला म्हणजे सगळे भागले, असेही नाही. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल आपणच बसवली किंवा ओटीपी आपणच सांगितला, तर ब्राउझर काय करणार? पत्त्याशेजारचे कुलूप दिसले म्हणून साइट खरी असे होत नाही. भामट्यालाही ते कुलूप मिळते. म्हणून तर क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले. पत्त्याचा शेवट वाचावा. सरकारी साइट 'जीओव्ही डॉट इन'ने संपते. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' या शेवटाचे पत्ते घ्यायला सांगितले आहे. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा; जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तेव्हा आमची सूचना सरळ आहे. एकच चांगला ब्राउझर ठेवा, तो प्ले स्टोअरवरूनच घ्या, अपडेट आपोआप होईल अशी सोय करा, बाकीचे काढून टाका. ज्यांना जमत नाही त्यांनी घरातल्या शिकत्या पोरा-पोरीला सांगावे. आणि प्रत्येक गट ऑफिसात एक संध्याकाळ कारखान्याने यासाठी ठेवावी, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे. ऊस नोंदीला जसे कर्मचारी बांधावर येतात, तसेच हेही सभासदांचेच काम आहे. चालू हंगामाचा पहिला हप्ता जमा होण्याआधी ते उरकले, तर बरे.