नावापुरतं जंगल

आयर्लंडच्या टुरिझम ब्रोशरमध्ये एकच रंग असतो. हिरवा! हिरव्या टेकड्या, हिरवी कुरणं, त्यावर कापसाच्या बोळ्यांसारख्या मेंढ्या आणि मधे एखादा चमचमता तलाव. विमान डब्लिनला उतरायला लागलं की खिडकीतून दिसतं तेही अगदी तस्संच. ब्रोशरवाले खोटं बोलत नाहीत. फक्त एक गोष्ट सांगत नाहीत. हे हिरवं म्हणजे बहुतेक सगळं गवत आहे. झाडं कुठायत?

आता आकडा ऐका. आयर्लंडच्या फक्त ११-१२ टक्के जमिनीवर जंगल आहे. आपल्या महाराष्ट्रात हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या वर. म्हणजे उघडी माळरानं आणि उसाचे फड धरूनसुद्धा आपण या ‘एमराल्ड आयलंड’च्या पुढे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर तिथे जेमतेम एक टक्का जंगल उरलं होतं. त्यानंतर जे वाढलं ते बरंचसं लागवडीचं. त्यातही सगळ्यात जास्त सिटका स्प्रूस, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेलं झाड. पटापट वाढवा, कापा, विका. लांबून मस्त दिसतं, आत शिरलं की एकसारख्या खांबांची रांग.

मग मूळचं जंगल गेलं कुठे? काही हजार वर्षांपूर्वी शेतीसाठी तोड सुरू झाली. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात जहाजं, दारूची पिंपं आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा कोळसा यांनी उरलंसुरलं खाल्लं. जंगल संपलं, पण नावांत मात्र राहून गेलं. आयरिश भाषेत ‘दिरे’ म्हणजे ओकची राई. त्यावरून डेरी शहराचं नाव पडलं. किल्डेअर म्हणजे ओकपाशी असलेलं चर्च. मेयो म्हणजे यू झाडांचं मैदान. यॉल म्हणजे यूचं जंगल. आज या गावांत ओक आणि यू शोधायला गेलात, तर बोरिवलीत बोरं आणि चिंचपोकळीत चिंचा शोधण्यासारखंच!

हे सगळं मला डब्लिनमध्ये आयटीत असलेल्या कॉलेजच्या मैत्रिणीमुळे सुचलं. ती मूळची बोरिवलीचीच. म्हणाली, “अगं, चार वर्षं झाली इथे येऊन. तळी रग्गड बघितली, पण जंगल म्हणावं असं काही बघितलंच नाही.” म्हटलं, चल तर मग, खरं जंगल जिथे उरलंय तिथेच जाऊ. आम्ही ट्रेन पकडली आणि थेट किलार्नी गाठलं.

किलार्नी हे नैर्ऋत्येकडच्या केरी परगण्यातलं टुमदार गाव. त्याला लागून देशातलं पहिलं नॅशनल पार्क आहे. १९३२ मध्ये मक्रॉस इस्टेटच्या मालकांनी ती अख्खी देशाला देऊन टाकली आणि पार्क सुरू झालं. आज त्याचा पसारा शंभरएक चौरस किलोमीटर आहे, म्हणजे साधारण आपल्या संजय गांधी नॅशनल पार्कएवढा. आपल्याकडे तुळशी आणि विहार असे दोन तलाव, त्यांच्याकडे तीन. तिथे तलावाला ‘लॉक’ म्हणतात. लॉक लेन सगळ्यात मोठा. मधला मक्रॉस सगळ्यात खोल, सुमारे ७५ मीटर. आणि डोंगरांत लपलेला अप्पर लेक.

इथे येणारे बहुतेक जण कोचमध्ये बसतात आणि ‘रिंग ऑफ केरी’ हा पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता एका दिवसात उरकतात. त्यातला हिट स्टॉप म्हणजे ‘लेडीज व्ह्यू’. १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली होती, तेव्हा तिच्यासोबतच्या बायका या जागेवर फिदा झाल्या म्हणून हे नाव. व्ह्यू खरंच भन्नाट आहे. तिन्ही तलावांचं खोरं एका नजरेत! पण दहा मिनिटं, चार सेल्फी आणि पुन्हा बस. खाली दिसणारा तो गडद हिरवा पट्टा म्हणजेच आपलं जंगल, हे कोणी सांगतही नाही.

आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. मक्रॉस तलावाभोवतीचा साधारण दहा किलोमीटरचा फेरा हा माझ्या मते किलार्नीतला बेस्ट सौदा आहे. बहुतेक वाट सपाट, बऱ्याच भागात गाड्यांना बंदी. पार्कला तिकीट नाही. घोडागाडीही मिळते. तिला ‘जाँटिंग कार’ म्हणतात आणि हाकणाऱ्याला ‘जार्व्ही’. जार्व्हीच्या गप्पा भाड्यातच धरलेल्या असतात!

याच फेऱ्यावर रीनाडिना लागतं. चुनखडीच्या उघड्या खडकावर उभं असलेलं यूचं जंगल. वीस-पंचवीस हेक्टरचं असेल, पण अशी यूची जंगलं अख्ख्या युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. माती जवळजवळ नाहीच. मुळं खडकाला मिठी मारून बसलेली आणि त्या सगळ्यावर शेवाळाची जाड गादी. भर दुपारी आत संध्याकाळ. आम्ही दोघी तोपर्यंत अखंड बडबडत होतो, इथे आपोआप गप्प झालो. जवळच १४४८ सालच्या मक्रॉस ॲबीचे अवशेष आहेत. त्याच्या चौकाच्या मधोमधही एक जुना यू उभा आहे. छप्पर गेलं, साधू गेले, झाड आहे.

दुसऱ्या दिवशी अप्पर लेककडच्या डेरीकनिही ओकवनात गेलो. नावातच ‘डेरी’ बघा, आणि इथे चक्क ओक जागेवर! अटलांटिकवरून येणारा पाऊस वर्षभर पाठ सोडत नाही. त्यामुळे फांद्यांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, अशी मजल्यावर मजले चढवलेली वस्ती. याला पर्जन्यवन म्हणतात, फक्त थंड हवेतलं. पावसाळ्यात आंबोलीला गेला असाल, तर हा ओला वास ओळखीचा वाटेल.

इथपर्यंत सगळं छान छान. पण मे-जूनमध्ये गेलात तर वाटेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या फुलांचे मोठाले ताटवे दिसतील. सगळे फोटो काढत असतात. तोच खरा व्हिलन! ऱ्होडोडेंड्रॉन. एकोणिसाव्या शतकात बागेच्या शोभेसाठी आणलेलं झुडूप जंगलात घुसलं आणि पसरलं. त्याच्या दाट सावलीत ओकचं रोपटं उगवतच नाही. आपल्याकडे घाणेरीने जे केलं, तेच. चुकून एखादं रोपटं उगवलंच तर ते हरणं आणि मेंढ्या खाऊन टाकतात. म्हणजे वर म्हातारे ओक मस्त उभे आणि खाली पुढची पिढीच नाही. बघणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही, हीच गोची आहे.

त्यात एप्रिल २०२१ मध्ये पार्कला मोठी आग लागली. काही दिवस ती धुमसत होती. सुमारे अडीच ते तीन हजार हेक्टर जमीन होरपळली, म्हणजे पार्कचा जवळपास चौथा हिस्सा. जळालं ते मुख्यतः डोंगरावरचं गवत आणि झुडपं. पण जंगल किती थोडं उरलंय, ते त्या आठवड्यात आयर्लंडला नीट कळलं.

चांगली बातमीही आहे. देशातून नाहीसा झालेला पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड २००७ पासून इथे परत आणला गेला. पाच वर्षांत नॉर्वेहून शंभर पिल्लं आणून सोडली. त्यांनी पुढे आयर्लंडमध्ये घरटी केली, पिल्लंही वाढवली. आम्हाला गरुड काही दिसला नाही. पण तलावाच्या काठावर दुर्बीण लावून बसलेले एक आजोबा भेटले. तासाभराने आम्ही परत फिरलो, तरी ते तिथेच होते. आमच्याकडे बघून नुसते हसले. घाई नावाची गोष्टच नाही!

जायचंय? मग थोडं कामाचं. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. वेगळा व्हिसा काढा, किंवा तुमचा ब्रिटनचा व्हिसा ब्रिटिश-आयरिश स्कीममध्ये बसतो का ते आधी तपासा. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून किलार्नी सव्वातीन तासांच्या आसपास, कधीकधी मॅलोला गाडी बदलून. मे आणि जून उत्तम, रात्री दहापर्यंत उजेड असतो. जॅकेट वॉटरप्रूफच घ्या, छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. हाताशी एकच दिवस असेल तर डब्लिनपासून तासाभरावरचं ग्लेंडलॉक गाठा. नावाचा अर्थच दोन तलावांची दरी. सहाव्या शतकातल्या सेंट केविनचा मठ, तीसेक मीटर उंच गोल मनोरा आणि वरच्या तलावाच्या कड्यावरून जाणारी झकास पायवाट. मात्र वीकेंडला लवकर निघा, पार्किंग लगेच भरतं.

आणि एवढं करा. कोचच्या दहा मिनिटांत भागवू नका. एक अख्खा दिवस फक्त त्या छोट्याशा जंगलासाठी ठेवा. वाट सोडून शेवाळावर चढू नका, त्याला पुन्हा वाढायला वर्षं लागतात.

मैत्रीण पुढच्या महिन्यात सुट्टीवर घरी येतेय. परवा फोनवर म्हणाली, “ए, तुळशी लेकच्या बाजूच्या जंगलात जायला परमिशन कोण देतं गं? जरा विचारून ठेव ना.” बोरिवलीत पंचवीस वर्षं काढलेल्या मुलीचा प्रश्न होता हा. चौकशी चालू आहे!