"मिलिटरीवाल्यांशी बोलणं झालंय", म्हणजे नेमकं कोणाशी?

पोस्ट मोठी आहे. ज्यांचं घर रेड झोनमध्ये आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

"रेड झोनची हद्द लवकरच कमी होणार, संरक्षण खात्याशी चर्चा सकारात्मक." तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगर, यमुनानगर, चिखलीतल्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ झालंय. निवडणूक आली की फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर नेता, बाजूला टोपी घातलेला एखादा लष्करी अधिकारी, मध्ये पुष्पगुच्छ. निवडणूक गेली की फ्लेक्सची ताडपत्री होते.

आधी माझी कबुली. वीस वर्षांच्या पत्रकारितेत ही बातमी मी स्वतः चार-पाच वेळा छापलीय. नेत्याने पत्रक दिलं, मी हेडिंग केलं. कोणाला भेटलात, त्यांनी काय लेखी दिलं, हे एकदाही विचारलं नाही.

माझे दाजी चाकणला एका कंपनीत आहेत. २००६ साली त्यांनी तळवड्याच्या बाजूला एक गुंठा घेतला. एजंट म्हणाला, "रेड झोन दोन वर्षांत उठतोय, साहेबांचं मिलिटरीत बोलणं झालंय." दाजींनी गावची जमीन विकून पैसे भरले, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, वर पत्रे टाकले. आज घरपट्टी येते, लाइटबिल येतं, पण मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेले तर बँकेने कागद बघूनच परत केले. परवा दाजींना विचारलं, "ते साहेब म्हणजे कोण?" ते म्हणाले, "मिलिटरीतले कोणीतरी मोठे."

मित्रांनो, आपल्याला गंडवायला एवढं एकच वाक्य पुरतं, कारण मिलिटरी म्हणजे एकच साहेब असं आपण धरून चाललोय. म्हणून आज जरा इतिहास आणि जरा कारभार सांगतो.

आपल्याकडे मिलिटरी आली ती १८१७ पासून. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि इंग्रजांची छावणी इथे कायमची बसली. १८६९ ला खडकीचा दारूगोळा कारखाना आला. १ एप्रिल १८९५ ला बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या तीन वेगळ्या फौजा एकत्र करून चार कमांड केल्या: पंजाब, बंगाल, मद्रास, मुंबई. पुण्याची दक्षिण कमांड आजही १ एप्रिललाच आपला स्थापना दिन साजरा करते. १९०२ च्या अखेरीस लॉर्ड किचनर सरसेनापती म्हणून आला आणि त्याने ही रचना मोडून देशात उत्तर आणि दक्षिण अशा दोनच आर्मी ठेवल्या. १९२० मध्ये पुन्हा कमांड आल्या. महायुद्धात १९४२ ला पुन्हा सदर्न आर्मी, १९४५ ला परत कमांड.

स्वातंत्र्यानंतर १९४८ ची हैदराबादची कारवाई याच कमांडने केली. डिसेंबर १९६१ ला गोवा याच कमांडने सोडवला, तेव्हा प्रमुख होते लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी. १९७१ ला लोंगेवालाची लढाई याच कमांडच्या हद्दीत झाली. १५ जानेवारी २०२५ ची आर्मी डे परेड खडकीला झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली. ते योग्यच होतं. पण ज्या कमांडचा एवढा अभिमान, तिच्या नावावर कोणी गुंठे विकतं आणि कोणी मतं मागतं, याचा राग का येत नाही आपल्याला?

आता कारभार. कोण काय बघतं ते नीट वाचा.

१) दक्षिण कमांड. प्रमुख लेफ्टनंट जनरल. हाताखाली जोधपूरची १२ कोअर, भोपाळची २१ कोअर, शिवाय एरिया आणि सब एरिया. क्षेत्रफळाने देशातली सर्वात मोठी कमांड, राजस्थानच्या वाळवंटापासून कन्याकुमारीपर्यंत. त्यांचं मुख्य काम सैन्य आणि सीमा.

२) देहूरोडचा डेपो. हा लष्कराचा. तो सांभाळतं ऑर्डनन्स कोअर.

३) खडकी आणि देहूरोडचे कारखाने. हे लष्कराचे नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. वर संरक्षण उत्पादन विभाग.

४) दिघीची संशोधन संस्था. ती डीआरडीओची. खातं वेगळं.

५) दापोडीचं सीएमई. अभियंता दलाची प्रशिक्षण संस्था. लष्करी प्रशिक्षणाची कमांड शिमल्याला आहे.

६) संरक्षण खात्याची जमीन. तिचे कागद सांभाळतं डिफेन्स इस्टेट्स. हे मुलकी अधिकारी आहेत, वर्दीतले नाहीत.

७) रेड झोन. तो जाहीर करतं केंद्र सरकार, १९०३ च्या वर्क्स ऑफ डिफेन्स कायद्याखाली. जाहीर नोटीस लावायची आणि भरपाईचा निवाडा द्यायचा जिल्हाधिकाऱ्यांनी.

आता सांगा, नेता "मिलिटरीशी बोललो" म्हणतो, तो यातल्या कोणाशी बोलला? दक्षिण कमांडच्या जनरल साहेबांबरोबर फोटो काढून केंद्र सरकारची अधिसूचना बदलत नसते. हे नेत्याला माहीत नसेल तर तो अडाणी, आणि माहीत असेल तर तो तुम्हाला अडाणी समजतो.

बोपखेल आठवा. २०१५ ला सीएमईतून दापोडीकडे जाणारा रस्ता बंद झाला. गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या वाटेला मोठा वळसा पडला. मग मुळा नदीवर पूल करायचं ठरलं आणि वर्षानुवर्षं अडकलं. अलीकडे महापालिका, पलीकडे खडकीची संरक्षण खात्याची जमीन, प्रत्येक परवानगीचं टेबल वेगळं. लोक मात्र प्रत्येक वेळी "मिलिटरी"लाच शिव्या देत राहिले. कोणाचं टेबल कुठे अडलंय हे कोणीच त्यांना सांगितलं नाही.

१९०३ च्या कायद्यात काय लिहिलंय? अंतर मोजायचं "बाहेरच्या तटाच्या माथ्यापासून". म्हणजे किल्ल्याची भाषा! दोन हजार यार्डांपर्यंत, म्हणजे सव्वाअठराशे मीटरच्या आसपास, बांधकामाला लेखी परवानगी लागते. आत हजार आणि पाचशे यार्डांच्या आणखी कडक रेषा. आपल्या डेपोचा तट कुठला? कंपाउंडची भिंत की आतलं गोदाम? या एका प्रश्नावर शेकडो घरं आत किंवा बाहेर जातात. आणि ही परवानगी देणार कोण, तर "डिस्ट्रिक्ट"चा जनरल. हा डिस्ट्रिक्ट म्हणजे पुणे जिल्हा समजू नका, तो तेव्हाचा लष्करी विभाग. लष्कराची रचना किती वेळा बदलली ते वर वाचलंतच. कायद्याची भाषा तिथेच थांबलीय.

पण त्याच कायद्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत, ज्या कुठल्याच फ्लेक्सवर येत नाहीत. एक, हद्दीचा नकाशा तयार करून लोकांना बघायला ठेवायचा, तोही मैलाला सहा इंचांपेक्षा लहान प्रमाणात नको. दोन, निर्बंधामुळे नुकसान झालं तर भरपाई. इंग्रजांनी गुलामांसाठी केलेल्या कायद्यात हे आहे. आणि आज आमच्या माणसाला आपला गट नंबर रेषेच्या आत की बाहेर, हे एजंटला विचारावं लागतं.

कोणी म्हणेल, तुला रेड झोन उठवायचाय. अजिबात नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट झाले. अधिकारी, जवान, अग्निशमनचे कर्मचारी गेले. मोकळी जागा कशासाठी ठेवतात ते त्या दिवशी कळलं. देहूरोडच्या डेपोत आपलीच माणसं कामाला. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली. डेपो आणि वस्ती इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. धोका आहे म्हणूनच रेषा स्पष्ट पाहिजे. रेषा धूसर ठेवली की गुंठा विकणाऱ्याचं फावतं, आणि रात्री झोपणारा मात्र कामगार असतो. नुसते कामगारच फसले असंही नाही. निगडी सेक्टर २२ चा झोपडपट्टी पुनर्वसनाचा सरकारी प्रकल्पसुद्धा याच रेड झोनच्या वादात कोर्टात अडकला. सरकारी इंजिनिअरला रेषा दिसली नाही, तिथे माझ्या दाजींना काय दिसणार?

आता थिएटर कमांडची चर्चा चालू आहे. उद्या कमांडचं नाव बदलेल, नकाशा बदलेल, कदाचित मुख्यालयाचा दर्जाही. १८९५ पासून हे कितीदा झालंय. तेव्हा "नवीन रचनेत प्रश्न सुटणार" असा नवा फ्लेक्स येईल, आत्ताच सांगून ठेवतो. सैन्याची रचना बदलल्याने तळवड्याची रेषा हलत नाही.

म्हणून मागण्या तीनच:

गट नंबरसह रेड झोनचा नकाशा प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात आणि दुय्यम निबंधकाच्या दारात भिंतीवर लावा.

भरपाईचे किती दावे आले, किती निवाडे झाले, किती पैसे वाटले, ते जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावं.

आणि नेत्यांनी फोटोऐवजी पत्र टाकावं. कोणत्या कार्यालयाला, कोणत्या तारखेला, जावक क्रमांक काय, उत्तर काय आलं.

लष्कर माहिती अधिकाराच्या बाहेर नाही. सुरक्षेचं सांगणार नाहीत, सांगूही नये. पण आपल्या गट नंबरचं उत्तर मागायला कोणाची भीती? पहिल्या दोन मागण्यांचा अर्ज मी या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथेच टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन.

आणि पुढच्या वेळी कोणी दारात येऊन "मिलिटरीशी बोलणं झालंय" म्हणाला, तर चहा पाजा आणि एवढंच विचारा: साहेब, वरच्या सातपैकी कितव्या नंबरशी?

पटलं तर शेअर करा. रुपीनगर-तळवड्याच्या ग्रुपवर तर नक्की टाका.