फोन आपला, दाराची किल्ली मात्र दुसऱ्याकडं

बडोद्यातल्या दांडिया बाजाराकडच्या मराठी घरांत असो की आपल्या नंदुरबार-नवापूरकडं, स्थळ बघायचं तर हल्ली आधी मोबाइल उघडतात. तिकडं कामाला गेलेली आपली पोरं नोकरीही फोनवरच शोधतात. ही कामं एका कंपनीच्या मर्जीवर किती टेकलेली आहेत, ते १ मार्च २०२४ला दिसलं.

त्या दिवशी गूगलनं भारतमॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम, ९९एकर्स अशी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. भांडण शुल्काचं होतं. अ‍ॅपमधून डिजिटल सेवा विकली की गूगल तेव्हा ११ ते ३० टक्के वाटा मागत होतं, कंपन्यांना तो मान्य नव्हता. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारीत अंतरिम दिलासा नाकारला होता. ज्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप आधीपासून होतं त्यांचं चालू राहिलं, नव्यानं घेणाऱ्याला मात्र मिळेना. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव मध्ये पडले, तेव्हा काही दिवसांत अ‍ॅप्स परत आली. वाद तसाच राहिला. दर वेळी मंत्री थोडेच धावून येणार?

अँड्रॉइडवर बाहेरूनही अ‍ॅप टाकता येतं, हे खरं. पण वाटेत इतके इशारे येतात की साधा माणूस घाबरून मागं फिरतो. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि हे अडथळे काढायलाही सांगितलं. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण अडथळ्यांबाबतचा आदेश रद्द केला. आयफोनवर तर ही वाटच नाही. युरोपियन युनियनमध्ये कायद्याच्या रेट्यानं मार्च २०२४पासून अ‍ॅपलला दुसऱ्यांची स्टोअर्स चालू द्यावी लागली. आपल्याकडं तसं काही नाही.

इशारे उगाच नाहीत, हेही मान्य. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते, ती उघडली की खातं साफ. पहारेकरी हवाच. पण पहारा आणि टोल एकाच हातात असला की टोल न देणाराही चोरासारखा बाहेर उभा राहतो. नोकरी डॉट कॉम काही चोर नव्हतं.

आता प्ले स्टोअरबाहेरच्या अ‍ॅपसाठीही ते बनवणाऱ्यानं गूगलकडं ओळख पटवावी, असा नियम येतोय. सप्टेंबर २०२६ला ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये सुरुवात, २०२७पासून बाकी देशांत, असं वेळापत्रक कंपनीनं दिलंय. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही ती म्हणते. पण बडोद्यातल्या एखाद्या वधूवर मंडळानं स्वतःचं छोटं अ‍ॅप करून सभासदांना वाटायचं ठरवलं, तर त्यातले किती सभासद जाणकार निघतील?