पांडवलेण्यांतील पाठ

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. नातू पुळुमावी याच्या राजवटीच्या १९व्या वर्षी कोरविलेल्या या लेखात राजमातेने आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव केला आहे. शक-यवन-पह्लवांचा निर्दालक, क्षहरात वंशाचा उच्छेदक, पराक्रमात राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा! महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील इतके तेजस्वी पान दुसरे क्वचितच सापडेल. मात्र इतिहास विषय घेऊन पदवीधर होणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी हे पान मुळातून वाचलेले असते?

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठीय इतिहासलेखनावर डाव्या विचारांची पकड राहिली, वैदिक आणि बौद्ध या दोन परंपरांचे नाते केवळ संघर्षाच्या साच्यात बसविले गेले, ही राष्ट्रीय विचारांच्या अभ्यासकांची तक्रार रास्त आहे. पण साचा घोषणेने मोडत नाही. तो मोडण्याचे सामर्थ्य याच लेखात आहे. पुत्राला रामाची उपमा देणारी आणि 'एकबम्हण' म्हणून त्याचा अभिमान बाळगणारी ही राजमाता ते लेणे दान करते भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना. हे सप्रमाण मांडायचे, तर विद्यार्थ्याला ब्राह्मी अक्षरे लागली पाहिजेत आणि प्राकृताचे व्याकरण समजले पाहिजे. 'एकबम्हण' या एका शब्दावरच विद्वानांत मतभेद आहेत. कोणी त्याचा अर्थ 'अद्वितीय ब्राह्मण' असा करतो, तर कोणी 'ब्राह्मणांचा एकमेव त्राता' असा. कोणता अर्थ आपल्याला सोयीचा, हा निकष तेथे उपयोगी पडत नाही.

त्याच डोंगरातील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. हा शक. परंतु तीन लाख गाई दान देणारा, देव-ब्राह्मणांना १६ गावे देणारा आणि भिक्षुसंघासाठी लेणे कोरविणारा! शकांचा पराभव अभिमानाने शिकविणाऱ्या अध्यापकाने उषवदात वगळला, तर ज्या निवडक इतिहासाबद्दल डाव्यांना दोष दिला जातो, तोच दोष त्याच्याही पदरी येईल. वास्तविक, बाहेरून आलेला शक दोन-तीन पिढ्यांत येथील दानधर्मात विरघळून जातो, हे या समाजाच्या पचनशक्तीचे केवढे मोठे प्रमाण! आणि पराभवाचा पुरावाही नुसत्या प्रशस्तीवर अवलंबून नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. लेख आणि नाणे एकमेकांची साक्ष देतात, तेव्हा प्रतिपक्षालाही ती मान्य करावी लागते.

ही शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७४च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी नाशिकच्या लेखांवर निबंध सिद्ध केला. वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचे कोरीव लेख मराठीत संपादून दिले. भारतरत्न पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात पानोपानी तळटिपा आहेत, कारण वाचकाने विधान पडताळून पाहावे ही त्यांची अपेक्षा होती. आज मात्र पुष्कळ प्रबंध दुसऱ्याच्या इंग्रजी अनुवादाच्या तिसऱ्या उताऱ्यावर उभे राहतात.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली केली. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीबरोबर पाली व प्राकृत यांनाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता इतिहास विभागांनी सहलीऐवजी चार दिवसांचा मुक्काम पांडवलेण्यांच्या पायथ्याशी करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका लेखाच्या चार-पाच ओळी स्वतः उतरवाव्यात, झिजलेली अक्षरे झिजलेली म्हणूनच नोंदवावीत, पूर्वसूरींची वाचने शेजारी मांडावीत आणि मग लिहावे. लेखात काय आहे आणि लिहिणाऱ्याचा तर्क कोठून सुरू होतो, हे प्रत्येक परिच्छेदात वेगळे दिसले पाहिजे. परीक्षकाने गुणही त्यालाच द्यावेत. ब्राह्मी शिकविण्यास खर्च फारसा येत नाही. निवृत्त संस्कृत-प्राकृत अध्यापक गावोगावी आहेत. विभागप्रमुखांनी त्यांना सन्मानाने बोलावण्याचाच काय तो अवकाश आहे.