‘घरबसल्या’ कोण बसते?

‘घरबसल्या चार पैसे मिळतील, मुलांकडेही लक्ष राहील.’ बाईला काम देताना हे हमखास ऐकवले जाते. सोलापुरात घरी विडी वळणारी बाई दिवसातून किती वेळ सलग बसू शकते, ते एकदा पाहावे.

तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायचा, पान वळायचे, दोरा बांधायचा. मध्येच नळाला पाणी येते, सूप खाली ठेवून उठायचे. मूल रडले, उठायचे. सासऱ्यांचा चहा, पुन्हा उठायचे. मजुरी मात्र हजार विड्यांवर; हे उठणे त्या हिशोबात कुठेच नाही. खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचा तोटाही तिचाच. तान्हे निजते त्याच खोलीत तंबाखूची धूळ उडते. एवढे करूनही हजार पुरे होत नाहीत, म्हणून शाळेतून आलेली मुलगी विड्यांची तोंडे मुडपायला बसते. मुलगा बहुधा खेळायला गेलेला असतो.

२०२० च्या टाळेबंदीत कार्यालयातल्या बायकाही घरून काम करू लागल्या आणि मध्यमवर्गात या प्रश्नाची चर्चा सुरू झाली. त्यांना महिन्याचा पगार होता, हा फरक लहान नाही. पण घरच्यांची नजर दोघींकडे सारखीच: ‘ती घरीच तर असते!’

अशा बाईच्या ‘तारेवरच्या कसरतीचे’ कौतुक करायची आपल्याकडे रीत आहे. मला त्या कौतुकाचा संशय येतो. तोल तिने सांभाळायचा, म्हणजे बाकीच्यांनी जागचे हलायला नको. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटे भरली, पुरुषांची ८८. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची; न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटे कमी झाली, तर पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली.

१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानले, हे मोठेच काम झाले. पण २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात पाळणाघराची सक्ती आली ती पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर. काम घराघरांत वाटून टाकले की मालकाची त्यातून आपसूक सुटका. जागा तिची, दिवा तिचा, मूलही तिचेच! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

दरवाढीसाठी आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्याची तरतूद केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत २०२२ पासून आहे. विडी वळणाऱ्या वस्त्यांत अशी पाळणाघरे दिवसभर उघडी हवीत, ही मागणी निवेदनात दराच्या मागणीशेजारी यायला हवी. आणि पुढच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलवा. ‘मुलांना कुणाकडे ठेवून आलात?’ हे एकदा त्यांना विचारू या.