माल उतरला, पण ड्युटी संपली का?

घोडेगावचा कांदा वाशीत उतरवून ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन गावाकडं निघतो. हे तास कामाचे की सुट्टीचे?

अमेरिकेत खासगी कामासाठी गाडी चालवली तर ती वेळ नोंदीत वेगळी दाखवता येते. पुढचा माल भरायला निघाला तर ती ड्युटीच. आपल्याकडं 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास आणि 5 तासांनंतर अर्धा तास विसावा ठरवला. नव्या कामगार संहितेतही 8 तास कायम आहेत. पण जुना कायदा 5 किंवा जास्त कामगारांच्या धंद्यासाठी होता. एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या बाहेर राहिले, पण तासांची मर्यादा मोटार वाहन कायद्यानं त्यांच्या ड्रायव्हरलाही लागू केली.

मग रिकाम्या फेरीचं जागरण मोजणार कोण? अपघात झाला की बोट ड्रायव्हरकडंच. निघाल्याची, थांबल्याची वेळ रोज वहीत लिहिली, तर निदान पुरावा तरी हाताशी राहील.