नागव्या चित्रांचा बाऊ

पन्नाशीनंतर मी दर रविवारी कागद-कोळसा घेऊन उघडी मनुष्याकृती रेखाटायला जाऊ लागलो, आणि आप्तमंडळींत धरणीकंप झाला. “या वयात नागवी माणसे बघायची?” हा पहिला आक्षेप. “हातात कला नाही, मग जाता कशाला?” हा दुसरा. दुसऱ्यातच पहिल्याचे उत्तर आहे!

समोरची बाई एकेक मिनिटच एका पोझमध्ये उभी राहते. तेवढ्यात खांद्यांचा कल पकडायचा, भार कोणत्या पायावर आहे ते ओळखायचे, डोक्याच्या मापाने उंची मोजायची. साधारण साडेसात डोकी. नवशिक्याला वाईट विचार करायला उसंत कुठली? पुढे वीस मिनिटांची पोझ येते. हात वर धरून पाच मिनिटे तरी निश्चल राहून पाहा, म्हणजे ती किती कष्टाची भाकरी खाते ते कळेल.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी असा वर्ग सुरू केला, त्याला शंभर वर्षे उलटली. १९५४ साली अकबर पदमसींवर चित्रांतील अश्लीलतेचा खटला झाला. ते निर्दोष सुटले. तरी २०१७ साली रवी जाधवांचा ‘न्यूड’ गोव्याच्या महोत्सवातून वगळलाच गेला. त्यात होती मुलासाठी मॉडेल होणारी एक आई!

चित्र भिंतीवर मिरवायचे आणि जिच्या श्रमावर ते उभे राहिले, तिने मात्र आपला धंदा शेजाऱ्यांपासून लपवायचा. लाज वाटायचीच असेल, तर या गोष्टीची वाटू द्या.